शहाण्णव विहिरी

जांभळ्या टोपणाची नळी.
तिच्यावर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा.
सदतीस.
डॉक्टर गोवित्रीकर म्हणतात, नाव कळलं की हात एका बाजूला झुकतो.
मी मान डोलावते. पण रक्त मीच काढलेलं असतं.

सदतीस म्हणजे दिवाळ्याची नागूबाय.
संमतीपत्रावर सही करताना पेन दोनदा सुटलं,
तिसऱ्यांदा तिनं अंगठाच पुढे केला.
तोही सरळ नव्हता,
ठसा उमटला तो अर्धाच, कडेनं.
"चाललं ना?"
म्हटलं, चाललं.
शीर मात्र लगेच सापडली.

सेंट्रिफ्यूज थांबलं की वर राहतं
वरणाच्या निवळीसारखं, पिवळसर.
पहिल्या वर्षी मी नळी खिडकीशी धरून बघायची.
काही दिसत नाही.
नेरूळची खाडी दिसते, वाकडी.

मायलोपेरॉक्सिडेज.
हे नाव नीट म्हणायला मला आठवडा लागला.
पांढऱ्या पेशींच्या पोटात ठेवलेलं हत्यार,
जंतू आला तर काढायचं.
शुद्ध केलं तर हिरवं दिसतं म्हणे,
पुवाचा हिरवेपणा तो हाच.
नागूबायच्या सांध्यांत जंतू कुणीच नाही.
पेशी तरी हत्यार परजून उभ्या, रात्रंदिवस,
आणि कापतात काय, तर घरचंच दार.
कुंपणाची नि शेताची म्हण आहे ना, तसं.
शेतं सिडकोनं घेतली,
म्हण तेवढी इथेच राहिली.

प्लेटवर शहाण्णव विहिरी.
कुळी नव्हे, विहिरी:
हा विनोद मी दर नव्या मुलाला एकदाच ऐकवते.
प्रत्येक नमुना दोन विहिरींत,
चूक झाली तर कळावी म्हणून.
ओता, थांबा, धुवा, टिशूवर आपटा, परत धुवा,
पाच वेळा.
धुणं नीट झालं नाही तर सगळंच खोटं निळं होतं.
मग शेवटचं द्रावण, अंधारात पंधरा मिनिटं.
कपाट बंद करून मी तिथेच उभी राहते,
गॅसवर दूध ठेवल्यासारखी.

उघडलं की निळाई.
एका टोकाला नुसतं पाणी, ती शिबिरातली धडधाकट पोरं,
दुसऱ्या टोकाला शाळेतली शाई.
ॲसिडचा थेंब पडला की सगळ्यांना हळद लागते.
यंत्राला हळद कळत नाही.
ते आकडे काढतं.

सदतीस:
एका विहिरीत एक, शेजारच्या विहिरीत भलतंच.
रद्द.
उरलेला नमुना पुरेसा नाही.
वहीत लिहिलं, पुन्हा घेणे.

नागूबाय आली, पाटी विकून, दोन रिक्षा बदलून,
बाही आधीच वर सरकवलेली.
"मागच्या रगताचं काय झालं?"
माझाच हात चुकला असेल, म्हटलं.
"हात चुकतो गो. माजा तं रोज चुकतो.
चिंबोरीचा नांगा फोडाला नाय जमत आता,
नातू फोडून देतो.
मना लाज वाटते."

मग सुई आत असतानाच:
"आकडा आला का मना सांगशील?
कवरं दुखतं त्ये लिवलेलं असंल ना त्यात?"

खरं सांगून टाकलं.
त्यात दुखणं लिहिलेलं नसतं.
चौदा नंबरचा आकडा सगळ्यांत मोठा,
आणि चौदा नंबर जिन्यानं वर येतो.
हे सांगायचं नव्हतं.

ती बराच वेळ नळी भरताना बघत राहिली.
"मंग दुखनं कशात मोजता?"

कापूस दाबून धर, म्हटलं.
तिच्या बोटांना दाब येईना.
मग मीच अंगठा ठेवला तिच्या कोपरात,
घड्याळ बघून, तीन मिनिटं.
ती मला पापलेटचा भाव सांगत होती.

नळीवर लिहिलं: सदतीस, ब.